लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (२० जून १८६९, गुर्लहोसूर – २६ सप्टेंबर १९५६, पुणे) हे मराठी उद्योजक, शेती औजारांचे निर्माते आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. बेळगाव येथे सायकलींच्या दुकानापासून त्यांच्या व्यवसायाची सुरुवात झाली. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. १९१० साली औंध संस्थानातील कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळील माळरानावर त्यांनी किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत वसवली.

शिक्षणाने ते अभियंता नव्हते. चित्रकला, यांत्रिक आरेखन आणि कारखान्यातील प्रत्यक्ष काम यांतून त्यांनी यंत्रविद्या आत्मसात केली. औजार वापरणारा शेतकरी, ते ओढणारे बैल आणि ते ज्या जमिनीत चालायचे ती जमीन, या तिन्हींना जुळेल अशी रचना करण्याचा प्रयत्न हे त्यांच्या कामाचे मुख्य वैशिष्ट्य मानले जाते.

जन्म व शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म तत्कालीन मुंबई इलाख्यातील बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे प्रवर्तक बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे जन्मगावही हेच होय. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. शालेय अभ्यासात लक्ष्मणरावांचे मन रमत नसे. चित्रे काढणे आणि वस्तूंची मोडतोड व जुळणी करणे यांत त्यांना अधिक रस होता. मुलाने नेहमीच्या मार्गाने शिक्षण पूर्ण करावे, अशी वडिलांची इच्छा होती. मात्र थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामुअण्णा यांनी त्यांची बाजू घेतली आणि आर्थिक मदतही केली. त्यामुळे १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

कलाशाळेत सुमारे दोन वर्षे शिकल्यानंतर त्यांच्या दृष्टीत रंगांधत्वाचा दोष असल्याचे लक्षात आले. काही रंगछटांमधील फरक त्यांना ओळखता येत नसे. चित्रकार होण्याचा विचार त्यांना सोडावा लागला. रंगांची आवश्यकता नसलेले यांत्रिक आरेखन मात्र त्यांना उत्तम साधत असे. रेषा, मापे, छेद आणि उंचीचे आराखडे यांच्या साहाय्याने यंत्राची रचना कागदावर उतरवण्याचे हे कौशल्य त्यांच्या पुढील आयुष्याला दिशा देणारे ठरले.

मुंबईतील अध्यापन

यांत्रिक आरेखनातील प्रावीण्यामुळे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये लक्ष्मणरावांना साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. १८८७ साली स्थापन झालेली ही संस्था तेव्हा नवीनच होती. वर्गात आरेखन शिकवत असतानाच संस्थेच्या कर्मशाळेतील यंत्रे हाताळण्याची संधी त्यांना मिळाली. फावल्या वेळात ते यंत्रे खोलून पाहत, दुरुस्त करत आणि त्यांचे भाग कसे घडवले आहेत याचा अभ्यास करत. परदेशी तांत्रिक नियतकालिके वाचण्याची सवयही त्यांना याच काळात लागली.

संस्थेत बढतीची जागा निर्माण झाली तेव्हा ती लक्ष्मणरावांना न मिळता एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. सरकारी आणि निमसरकारी नोकरीत भारतीयांना वरच्या जागा मिळणे त्या काळी अवघड होते. या अनुभवानंतर नोकरी न करता स्वतंत्र व्यवसाय करण्याचा निश्चय करून त्यांनी राजीनामा दिला आणि १८९७ च्या सुमारास ते बेळगावला परतले.

बेळगाव येथील व्यवसाय

मुंबईत असतानाच १८८८ साली लक्ष्मणरावांनी रामुअण्णांच्या सहकार्याने बेळगावात सायकलविक्रीचा व्यवसाय सुरू केला होता. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून पाठवत आणि रामुअण्णा बेळगावात त्या विकत. ग्राहकांना सायकल चालवायला शिकवण्याचे कामही दुकानातूनच होत असे. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाचा आरंभ या व्यवसायापासून मानला जातो. दुकान ज्या रस्त्यावर होते, तो रस्ता आजही किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जातो.

सायकल तेव्हा चैनीची वस्तू होती आणि तिचे ग्राहक मोजकेच होते. बेळगावच्या आसपासचा बहुसंख्य समाज मात्र शेतीवर अवलंबून होता आणि त्याच्या हातातील औजारे पिढ्यान् पिढ्या बदललेली नव्हती. लक्ष्मणरावांनी लहानशी कर्मशाळा उभारून शेतीच्या औजारांकडे लक्ष वळवले.

कडबा कापण्याचे यंत्र

लक्ष्मणरावांच्या कर्मशाळेतून प्रथम तयार झालेले महत्त्वाचे औजार म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र होय. दख्खनच्या पठारावर ज्वारीचा कडबा हे जनावरांचे मुख्य वैरण असते. अख्खी ताटे जनावरांपुढे टाकली तर ती पाने व कोवळा भाग खातात, तर जाड बुडखे वाया जातात. बारीक तुकडे केल्यास सगळी वैरण खाल्ली जाते. दुष्काळी प्रदेशात या बचतीला मोठे मोल असते. तोपर्यंत कडबा कोयत्याने किंवा विळ्याने तोडला जाई. या कामात एक हात पात्याजवळ ठेवावा लागे, शिवाय ते वाकून किंवा बसून करावे लागे.

यंत्रामध्ये जड चाकावर पाती बसवलेली असतात आणि ते चाक मुठीने फिरवले जाते. चाकाच्या वजनामुळे मिळालेली गती टिकून राहते. त्यामुळे प्रत्येक कापाला नव्याने जोर लावावा लागत नाही आणि काम उभ्याने करता येते. एकाने चाक फिरवावे आणि दुसऱ्याने कडबा सरकवावा, अशी कामाची वाटणीही शक्य होते.

लोखंडी नांगर

देशी नांगर

पारंपरिक देशी नांगर बहुधा बाभळीच्या लाकडाचा असे. त्याच्या खोडाला पुढे लोखंडी फाळ बसवलेला असे. बैलांच्या जुवाशी नांगर जोडणाऱ्या लांब दांड्याला हाळीस किंवा इसाड म्हणतात, तर मागे नांगरकऱ्याने धरायच्या उभ्या दांड्याला रुमणे म्हणतात. रुमण्याच्या टोकाशी मूठ असते. नांगरकरी एका हाताने मूठ धरतो. दुसरा हात कासरा आणि चाबूक यांसाठी मोकळा असतो.

हा नांगर गावातला सुतार आणि लोहार मिळून बनवत. सुतार नांगरकऱ्याची उंची व बैलांचा बांधा पाहून रुमणे आणि हाळीस यांची लांबी ठरवत असे. त्यामुळे औजार वापरणाऱ्याच्या शरीराला जुळलेले असे. दुरुस्ती गावातच होई आणि तिचा मोबदला बहुधा सुगीच्या वेळी बलुत्याच्या रूपात धान्याने दिला जाई. रोख पैशांची गरज क्वचितच पडे.

या नांगराच्या मर्यादाही होत्या. त्याचा फाळ जमिनीत अरुंद चर काढतो आणि माती दोन्ही बाजूंना ढकलतो, परंतु ती उलथवत नाही. दोन तासांमध्ये न नांगरलेली पट्टी शिल्लक राहते. म्हणून आडवी-उभी नांगरट पुन्हा पुन्हा करावी लागते. काळ्या जमिनीत खोलवर मुळे धरणाऱ्या हरळी आणि कुंदा यांसारख्या तणांचा नायनाट अशा नांगरटीने होत नाही. नांगर जमिनीत राहावा यासाठी मूठ सतत दाबून धरावी लागते. त्यामुळे नांगरकऱ्याचा खांदा, मनगट आणि कंबर यांवर ताण येतो.

लोखंडी नांगराची रचना

इंग्लंड आणि अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात लोखंडी व पोलादी नांगर रूढ झाले होते. मुंबई इलाख्यात असे काही नांगर आयात होत. ते महाग होते आणि त्यांतील बरेचसे मोठ्या घोड्यांच्या जोडीसाठी, म्हणजे वेगळ्या चालीच्या व वेगळ्या ताकदीच्या जनावरांसाठी, बनवलेले होते. अनेक परदेशी नांगरांना दोन मुठी असत आणि नांगरकऱ्याचे दोन्ही हात त्यांत गुंतत. एका हाताने बैल हाकणाऱ्या शेतकऱ्याला ही पद्धत परकी वाटणे स्वाभाविक होते.

लक्ष्मणरावांनी परदेशी नांगरांचा अभ्यास करून १९०३ साली बेळगावच्या कर्मशाळेत पहिला लोखंडी नांगर तयार केला. लोखंडी नांगराचा फाळ जमीन खालून कापतो आणि त्याच्या वर बसवलेली वक्र पाटी कापलेली मातीची वडी उचलून एका बाजूला उलथी करते. तणांची मुळे वर येऊन उन्हाने वाळतात. नांगराच्या बाजूस असलेली सपाट पट्टी तासाच्या भिंतीला टेकून चालते. त्यामुळे नांगर सरळ रेषेत राहतो. बैलांची साखळी नांगराच्या पुढील टोकाला वर किंवा खाली अडकवून नांगरटीची खोली कमी-अधिक करता येते. सगळी जुळणी नीट असेल तर नांगर आपल्या तोलावर चालतो. मूठ दाबून धरावी लागत नाही, केवळ दिशा देण्यापुरती धरावी लागते.

या रचनेत लोखंडाच्या प्रतीला निर्णायक महत्त्व असते. फाळ मऊ असल्यास तो लवकर झिजतो आणि बोथट फाळ जमिनीवर येऊ लागतो. मग नांगरकऱ्याला पुन्हा मुठीवर भार द्यावा लागतो. फाळ अति कठीण आणि ठिसूळ असल्यास दगड लागताच तो तुटतो. योग्य प्रतीचे ओतीव लोखंड तयार करणे, हे त्यामुळे लहान कारखान्यापुढील मोठे आव्हान होते. लक्ष्मणरावांनी परदेशी नियतकालिकांतील माहिती आणि स्वतःचे प्रयोग यांच्या आधारे ओतकामात सुधारणा केल्या. झिजलेला फाळ काढून त्याच मापाचा नवा बसवता यावा यासाठी सुटे भाग एकाच मापाचे असणे आवश्यक होते. गावच्या लोहारावर अवलंबून राहता येत नसल्याने सुट्या भागांचा पुरवठा हा या व्यवसायाचा महत्त्वाचा भाग बनला.

शेतकऱ्यांचा अविश्वास

सुरुवातीला नांगराला ग्राहक मिळाला नाही. लोखंडामुळे जमिनीत विष पसरते आणि ती नापीक होते, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये प्रचलित होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. तयार नांगर पडून राहिले आणि त्यांत गुंतवलेले भांडवल अडकले. धंदा बंद पडण्याची शक्यता या काळात खरी होती.

शेतकऱ्यांच्या नकाराला अंधश्रद्धा एवढेच कारण नव्हते. लाकडी नांगरासाठी रोकड लागत नसे, तर लोखंडी नांगर रोखीने घ्यावा लागे. त्याचे वजन जास्त होते आणि माती उलथवण्यासाठी अधिक बैलांची आवश्यकता असे. तो मोडल्यास गावात दुरुस्त होण्याची खात्री नव्हती. नवे औजार फसले तर शेतकऱ्याचा एक संपूर्ण हंगाम वाया जाण्याचा धोका होता.

लक्ष्मणरावांनी शेतांवर प्रात्यक्षिके करून दाखवण्यावर भर दिला आणि शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकून नांगरात बदल केले. लोखंडी नांगराने नांगरलेल्या जमिनीत तण कमी उगवते आणि पीक चांगले येते, हे शेजाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिल्यावर मागणी हळूहळू वाढू लागली. विशेषतः खोल नांगरटीची गरज असलेल्या ऊस उत्पादक भागात या नांगरांना चांगला प्रतिसाद मिळाला.

औजाराची मूठ आणि श्रमाचा विचार

माणसाचे शरीर आणि त्याच्या कामाचे साधन यांच्या परस्परसंबंधाच्या अभ्यासाला आज अर्गोनॉमिक्स असे म्हणतात. पोलंडमधील शास्त्रज्ञ वोईचेख यास्त्झेम्बोव्स्की यांनी १८५७ साली ही संज्ञा प्रथम वापरली. तथापि स्वतंत्र विद्याशाखा म्हणून तिचा विकास दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. किर्लोस्करांचा नांगर तयार झाला त्या काळात ही संज्ञा व्यवहारात नव्हती. औजार आणि श्रम यांचा विचार मात्र जगात अन्यत्रही सुरू होता.

अमेरिकेतील अभियंता फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांनी १८९८ च्या सुमारास बेथलहेम पोलाद कारखान्यात फावड्यांवर प्रयोग सुरू केले. तेथील मजूर आपापली फावडी घेऊन कामावर येत आणि एकाच फावड्याने हलका कोळसा व जड खनिज दोन्ही उचलत. एका खेपेस सुमारे २१.५ पौंड, म्हणजे जवळपास पावणेदहा किलोग्रॅम भार उचलल्यास दिवसभरात सर्वाधिक काम होते, असा निष्कर्ष टेलर यांनी काढला. त्यानुसार प्रत्येक पदार्थासाठी वेगवेगळ्या आकाराची फावडी कारखान्याने पुरवावीत, अशी व्यवस्था त्यांनी केली.

दोन्ही ठिकाणची परिस्थिती भिन्न होती. टेलर यांच्या प्रयोगात फावडे निवडण्याचा अधिकार मालकाकडे होता आणि मजुराला ते स्वीकारावे लागे. दख्खनमधील शेतकरी स्वतःच औजाराचा ग्राहक व वापरकर्ता होता, त्यामुळे ते नाकारण्याचे स्वातंत्र्य त्याला होते. नांगर हाताला जड गेला, बैल दमले किंवा फाळ टिकला नाही, तर तो विकला जात नसे. मोजमापाच्या प्रयोगशाळेऐवजी शेतकऱ्याची पसंती-नापसंती हीच किर्लोस्करांच्या औजारांची कसोटी ठरली.

कारखान्यातील उत्पादनाने एक जुनी सोयही संपुष्टात आणली. गावचा सुतार माणूस पाहून रुमणे कापत असे. कारखान्यात मात्र सर्वांसाठी ठरावीक मापे वापरावी लागत. बनावटीतील हा बदल फावडे, कुदळ, खोरे अशा लांब दांड्याच्या सर्वच औजारांच्या बाबतीत पुढे घडून आला. आजही बाजारात फावड्याचे व कुदळीचे पाते वेगळे मिळते आणि दांडा आपल्या मापाने बसवून घेतला जातो. पाते कारखान्याचे आणि दांडा माणसाच्या मापाचा, ही तडजोड ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र आढळते.

किर्लोस्करवाडीची स्थापना

नांगराला मागणी येऊ लागली असतानाच बेळगाव येथील कारखान्याची जागा नगरपालिकेच्या विस्तार योजनेसाठी सोडावी लागली. नवी जागा आणि भांडवल या दोन्हींची अडचण उभी राहिली. याच सुमारास लक्ष्मणरावांकडे औंध येथील एका बांधकामाचे काम होते. त्यानिमित्ताने औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी त्यांचा निकटचा परिचय झाला. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि उद्योग व शिक्षण यांना प्रोत्साहन देणारे संस्थानिक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात कारखाना काढण्याचे निमंत्रण दिले. कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज त्यांनी उपलब्ध करून दिले.

जागा ओसाड होती. सर्वत्र निवडुंग माजलेला होता आणि नागांचा सुळसुळाट होता. पाण्याची सोय नव्हती. १० मार्च १९१० रोजी येथे किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. प्रारंभी २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे येथे राहण्यास आली. रामुअण्णांनी वसाहतीच्या व्यवस्थापनाची जबाबदारी घेतली. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे आणि अनंतराव फळणीकर हे या काळातील प्रमुख सहकारी होते. जांभेकर यंत्रांच्या व बांधणीच्या कामात निष्णात होते, तर रेगे हिशेबाचे काम पाहत. निवडुंग काढून जमीन साफ करणे, घरे बांधणे आणि यंत्रे बसवणे ही कामे सर्वांनी मिळून केली. कुंडल रोड स्थानकाचे नाव पुढे किर्लोस्करवाडी असे झाले. ही वसाहत आज सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात येते.

वसाहतीतील जीवन

किर्लोस्करवाडी ही भारतातील सुरुवातीच्या नियोजित औद्योगिक वसाहतींपैकी एक मानली जाते. कामगारांसाठी घरे, पाणीपुरवठा, शाळा आणि दवाखाना यांची सोय टप्प्याटप्प्याने करण्यात आली. आसपासच्या खेड्यांतील तरुणांना कारखान्यातच प्रशिक्षण देऊन कुशल कारागीर बनवण्यात आले. फारसे शालेय शिक्षण नसलेल्या अनेकांनी येथे ओतकाम, जोडकाम आणि यंत्रकाम शिकून घेतले.

लक्ष्मणराव अस्पृश्यतेचे कठोर विरोधक होते. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास त्यांनी बंदी घातली होती. तुरुंगवास भोगून आलेल्या व्यक्तींनाही त्यांनी कामावर घेतले आणि पहारेकरी म्हणून त्यांच्यावर विश्वास टाकला. त्या काळातील सामाजिक वातावरण पाहता हे निर्णय धाडसाचे होते.

पत्नी राधाबाई यांनी बेळगावच्या अडचणीच्या काळापासून किर्लोस्करवाडीच्या उभारणीपर्यंत लक्ष्मणरावांना साथ दिली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी १९२० साली किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याची वार्तापत्रिका म्हणून निघालेले हे प्रकाशन पुढे किर्लोस्कर या नावाने मराठीतील महत्त्वाचे मासिक बनले. स्त्री (१९३०) आणि मनोहर (१९३४) ही मासिकेही किर्लोस्करवाडीतूनच निघाली. औजारांच्या कारखान्यातून सामाजिक सुधारणेचा विचार घरोघर पोहोचवणाऱ्या मासिकांचा उगम व्हावा, ही मराठी नियतकालिकांच्या इतिहासातील वेगळी घटना आहे.

पहिल्या महायुद्धाचा काळ

पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४–१९१८) परदेशी औजारांची आयात घटली आणि देशी नांगरांना अधिक वाव मिळाला. त्याच वेळी लोखंड, कोळसा आणि रंग यांचा तुटवडा निर्माण झाला. मागणी असूनही कच्च्या मालाअभावी उत्पादन थांबण्याची वेळ आली. कारखान्याने शक्य तेथे स्थानिक पर्याय शोधून काम चालू ठेवले.

कोल्हापूर संस्थानचे अधिपती शाहू महाराज यांनी या काळात जुन्या निरुपयोगी तोफा किर्लोस्करांना दिल्या. त्या वितळवून मिळालेल्या धातूपासून नांगर तयार करण्यात आले. युद्धासाठी ओतलेल्या तोफांचे शेतीच्या औजारांत झालेले हे रूपांतर किर्लोस्करवाडीच्या इतिहासातील विशेष प्रसिद्ध घटना आहे.

उत्पादनांचा विस्तार

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड या मर्यादित कंपनीची नोंदणी झाली. नांगर आणि कडबा कापण्याच्या यंत्रांबरोबरच उसाचे लोखंडी चरक, हातपंप आणि लोखंडी फर्निचर अशी उत्पादने किर्लोस्करवाडीत होऊ लागली. उसाच्या चरकामुळे गुऱ्हाळांचे स्वरूप बदलले. लाकडी घाण्यापेक्षा लोखंडी चरकात रस अधिक निघत असे.

१९२६ च्या सुमारास कारखान्यात अपकेंद्री पंपांचे उत्पादन सुरू झाले. विहिरीतून मोटेने पाणी काढण्यासाठी बैलजोडी आणि माणूस दिवसभर गुंतून पडत. पंपामुळे हे कष्ट कमी झाले. नांगरामागचे आणि पंपामागचे सूत्र या अर्थाने एकच होते. पुढे पंप हेच किर्लोस्करवाडीचे प्रमुख उत्पादन ठरले आणि नांगराचे महत्त्व कमी होत गेले.

पुढची पिढी

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव किर्लोस्कर (१९०३–१९९४) यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि ते १९२६ नंतर कारखान्यात काम पाहू लागले. प्रत्यक्ष कामातून शिकलेले वडील आणि विद्यापीठात शिकलेला मुलगा यांच्या एकत्रित कामामुळे उद्योगाचा विस्तार वेगाने झाला. १९४१ साली हरिहर येथे यंत्रसामग्री बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी स्थापन झाली. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या सुरू झाल्या.

महात्मा गांधी यांच्या हत्येनंतर १९४८ साली पश्चिम महाराष्ट्रात उसळलेल्या दंगलींची झळ किर्लोस्करवाडीलाही बसली. कारखान्याला आग लावण्यात आली आणि मोठे नुकसान झाले. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा ७८ वर्षांचे होते. माळरानावर उभारलेला कारखाना त्यांच्या हयातीतच दुसऱ्यांदा उभा करावा लागला. कामगार आणि सहकारी यांच्या प्रयत्नांनी तेथील उत्पादन पुन्हा सुरू झाले.

निधन व स्मृती

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुणे येथे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. किर्लोस्करवाडीतील कारखाना आजही चालू असून तेथे प्रामुख्याने पंपांचे उत्पादन होते.

मूल्यमापन

लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगराचा शोध लावला असे म्हणता येत नाही. तो त्यांच्यापूर्वी अनेक दशके परदेशात वापरात होता. परदेशी तत्त्व घेऊन दख्खनची जमीन, येथील बैल आणि शेतकऱ्याची ऐपत यांना साजेसे औजार देशातच बनवणे, हे त्यांचे कार्य होय. औजार उत्तम असूनही ते स्वीकारले जाईपर्यंत थांबण्याची तयारी आणि दरम्यानच्या काळात त्यात सुधारणा करत राहण्याची चिकाटी त्यांनी दाखवली.

या बदलाची दुसरी बाजूही अभ्यासण्यासारखी आहे. कारखान्यात बनलेल्या औजारांचा प्रसार झाला तसतसे गावातील सुतार आणि लोहार यांचे काम कमी होत गेले आणि औजारांसाठी शेतकरी रोख पैशाच्या बाजारावर अवलंबून राहू लागला. मात्र किर्लोस्करवाडीसारख्या कारखान्याने ग्रामीण तरुणांना नव्या कौशल्यांची आणि रोजगाराची संधीही दिली. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात लक्ष्मणरावांचे स्थान या दोन्ही परिणामांसह पाहावे लागते.